‘नांगर’ : व्युत्पत्ती, अर्थांतरे आणि कारंजा परिसरातील प्रयोग

मराठीच्या वर्गात व्युत्पत्तीचा भाग शिकविताना ‘नांगर’ हा शब्द हमखास उदाहरणादाखल घेतला जातो. फळ्यावर ‘लांगल > णंगल > नांगर’ अशी ओळ लिहिली की संस्कृत, प्राकृत आणि मराठी या तीन पायऱ्या एका दृष्टिक्षेपात दिसतात आणि विद्यार्थ्यांना उदाहरण पाठ करणे सोपे जाते. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले. ही ओळ चुकीची नाही. मात्र तिच्यात जेवढे सांगितले जाते त्याहून बरेच अधिक वगळले जाते, आणि वगळलेला भागच भाषेच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटावा असा आहे. लांगल हा शब्द संस्कृतात कोठून आला, त्यातील ‘ल’चा ‘न’ का झाला, जहाजाच्या नांगराशी त्याचे नाते काय, आणि आज कारंजा (घाडगे) तालुक्यातील शेतकरी हा शब्द नेमका कोणत्या अर्थाने वापरतो, हे चारही प्रश्न त्या ओळीच्या बाहेर राहतात.

शेवटच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक लेखकाचीच होती. पदवीच्या वर्गाच्या चाचणीत समोच्चारित शब्दांवर प्रश्न विचारला होता. ‘नांगर’ या शब्दाचे दोन अर्थ अपेक्षित होते : शेतीचे अवजार आणि जहाज स्थिर करण्याचे साधन. एका विद्यार्थ्याने पहिला अर्थ बरोबर लिहिला. दुसऱ्या अर्थाच्या जागी त्याने ‘वावराची उन्हाळ्यातली एक पाळी’ असे लिहिले आणि खाली उदाहरण दिले : ‘एक नांगर मारला, आता दोन वखर मारतो.’ त्या उत्तरावर लाल फुली मारून उत्तरपत्रिका परत दिली. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या तालुक्यातील मुलाला जहाजाचा नांगर आठवला नाही, एवढाच अर्थ तेव्हा लावला. त्याने घरात आणि वावरात रोज ऐकलेला एक तिसरा अर्थ लिहिला होता, हे ध्यानात यायला वेळ लागला. त्या तिसऱ्या अर्थापर्यंत पोचण्यासाठी आधी पहिल्या दोन अर्थांची वाट तपासणे आवश्यक आहे.

१

प्रथम ध्वनिविचार. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात लाहल, लांगल आणि लांगूल या तीन शब्दांत आद्य ‘ल’चा विकल्पाने ‘ण’ होतो असे सांगितले आहे. त्याला लागूनच ललाट या शब्दाचीही तशीच व्यवस्था लावली आहे. या चार शब्दांपैकी तीन मराठीत नांदत आहेत. लांगलाचा नांगर झाला. ललाटाचे णिडाल होऊन निढळ झाले, ते आज प्रामुख्याने ‘निढळाचा घाम’ या प्रयोगात उरले आहे. लांगूल म्हणजे शेपूट. त्यापासून विंचवाची नांगी. ‘नांगी टाकणे’ हा वाक्प्रचार वापरताना आपण शेपटीविषयी बोलतो आहोत हे कोणाच्या मनात येत नाही.

या चारही शब्दांत समान असे काय आहे, हा प्रश्न वर्गात विद्यार्थ्यांना अवश्य विचारावा. चारही शब्दांत ‘ल’ दोनदा आलेला आहे. एकाच शब्दात समान ध्वनी जवळजवळ आले की जीभ त्यांपैकी एक बदलून घेते. भाषाशास्त्रात यास विषमीकरण म्हणतात. ज्या शब्दांत ‘ल’ एकदाच आहे त्यांत हा बदल दिसत नाही : लवण – लोण, लशुन – लसूण. याच प्रवृत्तीची उलट बाजूही मराठीत पाहावयास मिळते. निंब या शब्दात ‘न’ आणि ‘म’ हे दोन अनुनासिक शेजारी होते. तेथे आद्य ‘न’ बदलून लिंब झाला. नवनीतात ‘न’ दोनदा होता. तेथे लोणी झाले. म्हणजे नांगर, निढळ, लिंब आणि लोणी हे वरवर विस्कळीत दिसणारे चार शब्द एकाच तत्त्वाची उदाहरणे ठरतात. ‘ल’चा ‘न’ होतो आणि ‘न’चा ‘ल’ होतो अशा दोन परस्परविरोधी नियमांची घोकंपट्टी करण्यापेक्षा हे अधिक समाधानकारक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अडचण शेवटच्या ‘र’ची आहे. दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ मराठीत साधारणपणे ‘ळ’ होतो : फल – फळ, काल – काळ. त्या न्यायाने ‘नांगळ’ व्हावयास हवे होते. या ‘र’ची जबाबदारी फारसी ‘लंगर’ शब्दावर टाकण्याचा मोह होतो. परंतु छत्तीसगढीतही या अवजाराला नांगर असेच म्हणतात, आणि तेथे जहाजांचा संबंध पोचण्याचे काही कारण नाही. छत्तीसगढीत ‘ल’चा ‘र’ होणे नेहमीचे आहे (फल – फर), हे मान्य केले तरी मराठीच्या पूर्वेकडील शेजारी बोलीत हेच रूप असावे, ही गोष्ट उपेक्षणीय नाही. विषमीकरणाचा ओघ दोन्ही टोकांना पोचला, आद्य ‘ल’चा ‘न’ आणि अंत्य ‘ल’चा ‘र’ झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक होईल.

आद्य ‘न’ मात्र फार जुना आहे. पालीत नंगल हेच रूप रूढ असून सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तात जू आणि नांगर यांचा ‘युगनंगल’ असा समास येतो. त्याहून रोचक पुरावा भुवनेश्वरजवळील उदयगिरीच्या हाथीगुंफा लेखात आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या लेखात कलिंगराज खारवेल याने पिथुंड हे नगर ‘गदभ-नंगल’ लावून, म्हणजे गाढवाच्या नांगराने, नांगरून टाकल्याचा उल्लेख प्रचलित वाचनानुसार मिळतो. ‘गाढवाचा नांगर फिरविणे’ हा आपला वाक्प्रचार आपण सहसा पुण्याशी जोडतो. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवाचा नांगर फिरविला, आणि पुढे शिवाजी महाराजांच्या बालपणी त्याच भूमीत सोन्याच्या फाळाचा नांगर धरण्यात आला, असे परंपरा सांगते. पुण्याच्या कथेतील तपशिलांविषयी इतिहासकार काय म्हणतात तो वेगळा विषय आहे. भाषेच्या अभ्यासकाला महत्त्वाचे हे, की उजाड करण्याची ही खूण आणि तिला वापरलेला शब्द, दोन्ही सुमारे दोन हजार वर्षांचे आहेत.

२

आता उगमाकडे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील सत्तावन्नाव्या सूक्तात क्षेत्रपतीची प्रार्थना आहे. तेथे लांगल, फाल आणि सीता (म्हणजे नांगराची रेघ) हे शब्द येतात. एवढ्यावरून लांगल हा ‘मूळ आर्य’ शब्द ठरविणे हा घाईचा निर्णय होईल. युरोपातील बहुतेक सगोत्र भाषांत नांगरासाठी एकाच धातूपासून झालेले शब्द आहेत : लॅटिन ‘आरात्रुम’, ग्रीक ‘आरोत्रॉन’. संस्कृतात तो धातू या अर्थाने नाही. कर्षणासाठी कृष् हा वेगळा धातू आहे आणि अवजारासाठी सीर, लांगल, हल असे वेगळे शब्द आहेत. जी क्रिया युरोपीय शाखेत एका शब्दाने बांधलेली आहे तिच्यासाठी भारतीय शाखेने अन्य शब्द स्वीकारले, याचा उलगडा व्हावयास हवा.

लांगलाचे नातलग शोधू गेल्यास ते संस्कृतच्या कुळाबाहेर मिळतात. तमिळमध्ये नाञ्जिल, कन्नडमध्ये नेगिलु, तेलुगूत नागलि. गोंडीतही याच मालिकेतले रूप आहे. मुंडा भाषांपैकी संताळीत नाहेल. आणखी पूर्वेकडे मलयमध्ये तेंगाला, ख्मेरमध्ये अंगालसारखे रूप. झाँ प्रझिलुस्की यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या साम्याकडे लक्ष वेधले. प्रबोधचंद्र बागची यांनी त्यांच्या व इतरांच्या फ्रेंच निबंधांचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. लांगल, लांगूल आणि लिंग या तिघांचे मूळ एकच मानण्यापर्यंत प्रझिलुस्की गेले. ते सर्वांना पटले नाही आणि पटावे असेही नाही, कारण अर्थसाम्याच्या आधारावर एवढे दूरचे रूप जोडले की काहीही जोडता येते. लांगल हा मात्र ऑस्ट्रो-एशियाई कुळातून संस्कृतात आलेला शब्द असावा, हे मत टी. बरो यांच्यासारख्या काटेकोर अभ्यासकानेही १९५५ च्या आपल्या संस्कृतविषयक ग्रंथात स्वीकारले. पुढे १९७९ मध्ये कॉलिन मासिका यांनी हिंदीतील शेतीविषयक शब्दांचा पद्धतशीर आढावा घेतला. त्यात पिकांच्या व अवजारांच्या नावांपैकी मोठा भाग आर्य कुळाबाहेरचा, आणि त्यातीलही बराचसा कोणत्याच ज्ञात कुळाशी न जुळणारा असल्याचे त्यांना आढळले.

उत्खननाचा पुरावा या चित्राशी विसंगत नाही. राजस्थानातील कालीबंगा येथे १९६० नंतरच्या दशकात ब्रजबासी लाल आणि बालकृष्ण थापर यांच्या उत्खननात प्राक्-हडप्पा काळातील नांगरलेले शेत सापडले. त्याचा काळ इसवी सनपूर्व २८०० च्या आसपास धरला जातो. आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी ओढलेली तासे तेथे स्पष्ट दिसतात. म्हणजे ऋग्वेदातील सूक्ते रचली जाण्याच्या कितीतरी आधी या भूमीवर नांगर चालत होता, आणि तो धरणाऱ्यांच्या तोंडी त्याचे काही नाव असणारच. नव्याने आलेल्या भाषेने अवजाराबरोबर त्याचे नावही घेतले, असे म्हणण्यास जागा आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मूळ आर्येतर आहे म्हटल्याबरोबर ‘हा शब्द अमक्या समाजाने दिला’ असे विधान विद्यार्थ्यांच्या निबंधांत उमटू लागते. आपल्या भागात गोंड वस्ती आहे, म्हणून मराठीने नांगर गोंडीकडून घेतला, असे म्हणता येणार नाही. उसनवारी झाली ती ऋग्वेदाच्या काळात किंवा त्याही आधी. मराठी आणि आजची गोंडी ही दोन्ही नावे तेव्हा नव्हती. मराठीपुरते बोलायचे तर नांगर हा परंपरेने प्राकृतातून आलेला तद्भव शब्दच आहे. त्याला तद्भव म्हणणे आणि त्याचे दूरचे मूळ आर्येतर मानणे, यांत विरोध नाही. ‘तद्भव’ या संज्ञेतील ‘तत्’ म्हणजे संस्कृत. त्या ‘तत्’च्या मागे आणखी काय आहे हे ती संज्ञा सांगत नाही, एवढेच.

भौगोलिक वाटपही पाहण्याजोगे आहे. ठळक मानाने पाहता पंजाब, राजस्थान, गुजरात आणि हिंदी मुलूख येथे ‘हल’चा वंश चालतो, आसाम, बंगाल, ओडिशा, छत्तीसगढ, महाराष्ट्र आणि गोवा येथे ‘लांगल’चा, आणि त्याला लागून तेलुगू-कन्नड प्रदेशात त्याच मालिकेतले द्राविडी शब्द. मराठी ही या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला आहे. मराठीत ‘हल’ अगदीच नाही असे नाही. नांगराच्या लांब दांड्याला ‘हळस’ म्हणतात तो संस्कृत ‘हलीषा’चा वंशज आहे. अवजाराचे नाव एका घराण्याचे आणि त्याच्या दांड्याचे नाव दुसऱ्या घराण्याचे, असा हा संसार आहे. फाळ (फाल), जू (युग) आणि जोते (योक्त्र) हे भाग मात्र निःसंशय संस्कृत परंपरेतले. त्यांतील ‘जू’ हा इंग्रजी ‘योक’ आणि लॅटिन ‘युगुम’ यांचा सख्खा भाऊबंद आहे.

ज्या इंग्रजीकडे आपण हे सगळे प्रश्न विचारण्याची पद्धत शिकलो, तिच्यातही नांगराची कथा अशीच आहे. ‘प्लाउ’ हा इंग्रजीचा आद्य शब्द नव्हे. जुन्या इंग्रजीत या अवजाराला ‘सुल्ह’ म्हणत. तो लॅटिन ‘सुल्कुस’, म्हणजे नांगराची रेघ, याचा नातलग. ‘प्लाउ’चे जुने रूप इंग्रजीत प्रथम दिसते ते जमिनीचे माप म्हणून, एका नांगराने वर्षभरात वाहता येईल एवढी जमीन या अर्थाने. पुढे स्कँडिनेव्हियन शब्दाच्या दाबाखाली ते अवजाराचे नाव झाले आणि जुना सुल्ह बोलीभाषांच्या कोपऱ्यात गेला. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत गावांची मोजणीही नांगरांच्या संख्येवर केलेली आहे. आपल्याकडे ‘चार औतांची जमीन’ म्हणतात त्याच जातीची ही मोजणी. अवजार, त्याने होणारे काम आणि त्या कामाने मोजली जाणारी जमीन, या तिन्हींच्या दरम्यान शब्द सहज ये-जा करतो. त्या विद्यार्थ्याच्या उत्तराकडे येताना हा मुद्दा उपयोगी पडेल.

३

जहाजाच्या नांगराविषयी थोडक्यात. तो फारसी ‘लंगर’ या शब्दावरून आला याबद्दल मतभेद नाही. मार्गदर्शिकांतून मात्र असे छापलेले आढळते, की जहाजाच्या लोखंडी आकड्याचा आकार शेतातील नांगरासारखा म्हणून त्याला नांगर म्हणू लागले. हे लोकव्युत्पत्तीचे उदाहरण होय. पण ती साफ निराधारही नाही. ‘लंगर’मध्ये ‘ल’ एकच आहे, तेव्हा वर सांगितलेला विषमीकरणाचा नियम येथे लागू पडत नाही. तो ‘लंगर’च राहावयास हवा होता, जसा हिंदीत राहिला. मराठीत त्याच्यासाठी आधीच तयार असलेला, जवळजवळ सारख्या उच्चाराचा आणि साधारण सारख्या आकाराच्या वस्तूचा शब्द होता. नवा शब्द त्याच्या साच्यात बसला. या उपपत्तीस एक आक्षेप गुजरातीचा आहे. गुजरातीत शेतातले अवजार ‘हळ’, तरीही जहाज ‘नांगरवुं’ हे क्रियापद तेथे आहे. याचे उत्तर असे देता येईल, की कोकणपासून काठियावाडपर्यंतचा किनारा खलाशांच्या दृष्टीने एकच होता आणि त्यांच्या बोलीतील रूपे बंदराबंदरांतून फिरत होती. कसेही असले तरी कोशात हे दोन शब्द एकाच नोंदीत १ आणि २ असे आकडे घालून देणे योग्य नव्हे. ते दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांच्या नोंदीही स्वतंत्र असाव्यात.

४

कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) यापासून वेगळे ओळखता यावे म्हणून नावापुढे कंस लागतो. कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्रा ही येथली पिके. याच तालुक्यात हेटीकुंडी येथे गवळाऊ गुरांचे पैदास केंद्र आहे. अंगाने हलके, पायाने चपळ असे हे बैल मराठ्यांच्या फौजांच्या वाहतुकीत नावाजलेले होते, असे जुन्या इंग्रजी नोंदी सांगतात. अवजारांच्या शब्दसृष्टीचा विचार करताना बैलांचा हा बांधा आणि काळी जमीन, दोन्ही लक्षात ठेवावी लागतात.

पुस्तकी मराठीत शेतीचे प्रतीक म्हणजे नांगर. या मुलखातील पूर्वापार वहिवाट मात्र निराळी होती. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती खाली जाते, आणि पहिल्या पावसात भेगा मिटतात. जमीन आपली आपणच खालवर होते. म्हणून येथे दरवर्षी चालत होता तो वखर. आडवी लोखंडी पास असलेले, माती न उलटता वरचा थर मोकळा करणारे आणि तण कापणारे हे अवजार हलक्या बैलजोडीस झेपणारे आहे. मध्यप्रांताच्या जुन्या गॅझेटिअरांतही हीच पद्धत वर्णिलेली आहे : काळ्या जमिनीत वखर नेमाने, आणि नांगर काही वर्षांतून एकदा, कासासारखे खोल मुळांचे गवत माजले तर. (या इंग्रजी नोंदींत वखराचे नाव ‘बखर’ असे लिहिलेले असते. साहित्याच्या विद्यार्थ्याला ते वाचताना सभासद आठवला तर नवल नाही.)

या वस्तुस्थितीचा भाषेवर परिणाम झालेला आहे. पश्चिम महाराष्ट्रात जेथे कुळव आणि कोळपे म्हणतील तेथे येथे वखर आणि डवरा, पाभरीच्या जागी तिफण, शेताला वावर. या सर्वांना मिळून ‘औत’ हे सामान्यनाम चालते. बैल जुंपून ओढायचे ते औत, मग ते वखर असो की डवरा. त्या घरोब्याच्या गटात नांगर थोडा परका, मोठ्या कामाचा पाहुणा होता. जड जमीन फोडायला एकाहून अधिक जोड्या लागत, त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणाव्या लागत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत असल्याने आरंभी तो नांगर खपत नव्हता, ही हकिगत सर्वपरिचित आहे. पुढे ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरामागचा पलटी नांगर बैलांच्या ताकदीचा प्रश्नच पुसून टाकतो. जे काम पूर्वी काही वर्षांतून एकदा होई ते आता उन्हाळ्यात सर्रास होऊ लागले. मात्र ट्रॅक्टर प्रत्येकाचा नसतो. बहुतेकांसाठी नांगर ही घरातली वस्तू राहिली नाही. ती एकरी दराने विकत घेण्याची सेवा झाली. ‘यंदा नांगर किती झाला?’ या प्रश्नाचे उत्तर रुपयांत येते. ‘एक नांगर मारला’ म्हणजे एकदा नांगरट करून घेतली. अवजाराचे नाव कामाचे नाव झाले, कामाचे नाव कामाच्या मोजमापाचे झाले. जुन्या इंग्रजीत ‘प्लाउ’च्या अर्थांत अवजार आणि जमिनीचे माप यांच्यामध्ये जी ये-जा झाली, तीच येथे आपल्या डोळ्यांदेखत आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी चालू आहे. मुलाने लिहिलेला तिसरा अर्थ कोणत्याही कोशाच्या नोंदीत स्थान मिळण्यास पात्र आहे.

जाता जाता त्या ‘एकरी’ या शब्दाविषयी. ‘एकर’ इंग्रजीतून आला, पण ‘एकर’, लॅटिन ‘आगेर’ आणि ऋग्वेदातील ‘अज्र’ (शेत, मैदान) हे एकाच मुळाचे. मध्ययुगीन इंग्लंडात एका जोताने एका दिवसात नांगरता येईल एवढी जमीन म्हणजे एकर. त्याची लांब बाजू ती फर्लांग, आणि फर्लांग या शब्दाचा अर्थच मुळी ‘तासाची लांबी’ असा आहे. हा तास म्हणजे नांगराची किंवा पिकाची ओळ. ‘तुरीचे दोन तास’ म्हणतात तो. घड्याळाचा तास निराळा, तो धातूच्या भांड्याच्या अरबी-फारसी नावावरून आलेला. शहरातील विद्यार्थ्याला दुसराच ठाऊक असतो. कारंज्याच्या विद्यार्थ्याला दोन्ही येतात, तरी परीक्षेत पहिला लिहायला तो कचरतो. का कचरतो, हे वर सांगितलेल्या लाल फुलीवरून उघड आहे.

५

ट्रॅक्टरामुळे शेतीचे शब्द नष्ट होत आहेत, असे सरधोपट विधान नेहमी केले जाते. ते निम्मेच खरे आहे. नांगराच्या भागांची नावे घेऊन पाहावे. रुमणे म्हणजे हाताने धरायची मूठ. ट्रॅक्टरामागच्या नांगराला ती नाही, म्हणून तरुणांना हा शब्द सांगावा लागतो. हळस, जू, जोते यांची तीच गत. फाळ मात्र टिकला आहे, कारण मातीत शिरणारे टोक अजूनही लागते. तास, ढेकूळ, पाळी, नांगरट हेही टिकले आहेत. म्हणजे जे शब्द बैलाशी आणि धरणाऱ्याच्या हाताशी बांधलेले होते ते चालले; जे मातीशी बांधलेले होते ते राहिले. स्वतः ‘नांगर’ हा शब्द लाकडाचा होता, लोखंडाचा झाला, बैलांमागून यंत्रामागे गेला, घरचा होता तो भाड्याचा झाला. तो टिकला, कारण तो वस्तूला चिकटून न राहता कामाच्या मागे गेला. त्याच्या उलट वखराचे होण्याची शक्यता दिसते. वखराचे काम कल्टिव्हेटर आणि रोटाव्हेटर यांनी उचलले आणि आपली नावेही सोबत आणली.

या प्रकारचा अभ्यास शब्द आणि वस्तू एकत्र ठेवूनच होऊ शकतो. ऑस्ट्रियन विद्वान मेरिंगर आणि त्यांचे सहकारी यांनी १९०९ मध्ये याच नावाचे नियतकालिक सुरू केले होते, आणि त्याच्याही आधी १८८५ मध्ये ग्रिअर्सन यांनी बिहारच्या शेतकऱ्यांच्या अवजारांची नावे चित्रांसह, भागाभागानिशी नोंदवून ठेवली. मराठीत आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने ग्रामव्यवस्थेची शब्दसृष्टी जतन केली. परंतु त्याचा पाया अहमदनगर-पुण्याकडचा. वर्धेच्या खोऱ्यासाठी तसे काम करण्याची वेळ फार उरलेली नाही. ज्यांनी स्वतः रुमणे धरले आहे अशी माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी हा विषय घेतल्यास काही पथ्ये पाळावीत. शब्द विचारताना वस्तू समोर असावी. गोठ्याच्या आढ्याला टांगलेला जुना नांगर खाली उतरवून घ्यावा आणि एकेका भागावर हात ठेवून नाव विचारावे. ‘याला शुद्ध भाषेत काय म्हणतात’ असे कधीही विचारू नये, त्या प्रश्नाने माणूस गप्प होतो. उच्चार ऐकू येईल तसा लिहावा. ‘रुमनं’ ऐकले तर ‘रुमणे’ लिहू नये. कारंजा, आर्वी आणि आष्टी या तीन तालुक्यांतील नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात, कारण वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींची सरमिसळ आहे आणि एकाच भागाला दोन नावे मिळण्याचा संभव अधिक. बायकांना अवश्य विचारावे. डवरणी, निंदण आणि वेचणी यांचे शब्द त्यांच्याकडे पुरुषांपेक्षा जास्त असतात, आणि आजवरच्या संकलनांत त्यांना विचारलेले फारसे आढळत नाही.